‘माय फादर वर्क’ची गोष्ट



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिणं झालं नाही. डोळ्यांचं निमित्त आहेच, पण खरं कारण आळस. असो. आज लिहायला बसले ती एका प्रश्नामुळे.

गेल्या महिन्यात पुतण्याचा मुलगा आठ दिवस राहायला आला होता. बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे त्याची. सकाळी चहा झाला की उशीएवढं जाड पुस्तक घेऊन ओट्यावर बसायचा. एका वाक्याचे चार तुकडे केलेले, त्यातला चुकीचा तुकडा ओळखायचा, अशी शेकडो वाक्यं. एक दिवस मला म्हणाला, "आजी, तू इंग्रजी शिकवायचीस ना? मग हे सांग." वाक्य होतं, ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वॉज प्रेझेंट.’

मी म्हटलं, "वॉज चूक. वेअर पाहिजे."

"का?"

"नायदर-नॉर असलं की क्रियापदाच्या जवळचा कर्ता बघायचा. जवळ स्टुडंट्स आहे, म्हणून वेअर."

"पण का?"

"नियम आहे बाबा."

"कोणी केला?"

आता आली का पंचाईत! एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता. किंवा विचारायची सोय मी ठेवली नव्हती, असं म्हणू या. मी स्वतः बी.ए. झाले ती मराठी माध्यमातून. शाळेत लागले तेव्हा इंग्रजी शिकवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून आठवीचा तास माझ्या गळ्यात पडला. ज्याची भाषा कच्ची असते तो नियमाला घट्ट धरतो. मला इंग्रजी बोलताना घाम फुटायचा, पण नियम पाठ होते. तेच माझं भांडवल.

तर "कोणी केला?" या प्रश्नाचा माग काढत मी बरंच काही वाचलं. काही पूर्वी वाचलेलं होतं ते नव्यानं जुळलं. आणि शेवटी जिथे पोचले, तिथे १९७९ सालची एक वही उघडी होती. ते पुढे सांगते.

आधी एका बाईंची ओळख करून देते. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल म्हणून शहर आहे. तिथे अठराव्या शतकात अॅन फिशर नावाच्या शिक्षिका होत्या. मुलींची शाळा चालवायच्या. १७४०च्या दशकात त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पुस्तकावर नाव फक्त ‘ए. फिशर’, त्यामुळे हे एका बाईचं पुस्तक आहे हे कितीतरी वाचकांना कळलंही नसेल. या बाईंची एक युक्ती पुढे फार चालली. त्यांनी पुस्तकात मुद्दाम चुकीची वाक्यं छापली आणि ती मुलांनी दुरुस्त करायची असा अभ्यास दिला. लॅटिन शिकवताना असं करत असत. इंग्रजीत ते आणण्याचं श्रेय फिशरबाईंना देतात. म्हणजे आमच्या पेपरातला ‘करेक्ट द फॉलोइंग सेंटेन्सेस’ आणि पुतण्याच्या मुलाच्या पुस्तकातला चुकीचा तुकडा, या सगळ्याची पणजी ही न्यूकॅसलची मास्तरीण! मला तर वाचून आपल्याच शाळेतली कोणी भेटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आले रॉबर्ट लाउथ. हे धर्मगुरू, पुढे लंडनचे बिशप झाले. १७६२ साली त्यांचं इंग्रजी व्याकरणाचं छोटं पुस्तक निघालं. लाउथसाहेबांची पद्धत अशी, की वर नियम सांगायचा आणि खाली बारीक टाइपात तो कोणी कोणी मोडला त्याची उदाहरणं द्यायची. ही उदाहरणं शेक्सपिअर, मिल्टन आणि बायबलच्या भाषांतरातली! म्हणजे मोठमोठ्यांच्या वह्या तपासून लाल शाईनं खुणा केलेल्या. कर्ता आणि क्रियापद जुळलं पाहिजे हा नियम काही त्यांनी शोधला नाही, तो भाषेत होताच. पण तो मोडला की मोठ्या माणसाचंही चुकलं, हे म्हणायची सवय त्यांच्यासारख्यांनी लावली.

तिसरे लिंडले मरे. हे मूळचे अमेरिकेतले वकील. १७८४ साली इंग्लंडला आले आणि यॉर्क शहराजवळ राहिले. क्वेकर पंथाचे होते. तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांना शिकवायला नीट पुस्तक हवं होतं, म्हणून १७९५ साली त्यांनी व्याकरण लिहिलं. लाउथकडून बरंच काही उचललं आणि मुलांच्या पचनी पडेल असं मांडलं. दोन वर्षांनी स्वाध्यायांचं वेगळं पुस्तक काढलं, त्यात दुरुस्त करायची वाक्यं ढिगांनी. ही पुस्तकं दोन्ही देशांत अफाट खपली. माझ्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तरही मरेसाहेबांकडे सापडलं. एक नाम एकवचनी आणि दुसरं अनेकवचनी असेल, आणि मध्ये ‘ऑर’ किंवा ‘नॉर’ असेल, तर क्रियापद अनेकवचनी घ्यावं आणि अनेकवचनी नाम क्रियापदाच्या शेजारी बसवावं, असं ते सांगतात. म्हणजे कानाला खटकत नाही.

गंमत म्हणजे आपण मराठीत हेच करतो, आणि कोणी शिकवलेलं नसतं. "एकही पेन किंवा वही सापडली नाही" असं म्हणतो. उलटं केलं तर "एकही वही किंवा पेन सापडलं नाही." क्रियापद शेजाऱ्याचं ऐकतं. हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नियम पाठ करायची वेळच आली नसती.

मग हे नियम आपल्याकडे कसे आले? साहेबाबरोबर आले. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मॅट्रिकच्या परीक्षा सुरू झाल्या, नोकऱ्या इंग्रजीवर ठरू लागल्या आणि व्याकरणाची पुस्तकं लागू लागली. १८९०च्या दशकात नेसफिल्ड यांची पुस्तकं निघाली. हे आत्ताच्या उत्तर प्रदेशात शिक्षण खात्यात होते. नंतर १९३५ साली आलं ते ‘रेन अँड मार्टिन’. आमच्या पिढीत हे नाव माहीत नसलेला माणूस विरळा. यातले रेनसाहेब कराचीला हेडमास्तर होते, आणि कराची त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यातच होती. नंतर त्यांनी परदेशी फौजेतल्या शिपायांवर कादंबऱ्या लिहिल्या. ‘बो जेस्त’ (१९२४) इतकी गाजली की तिच्यावर सिनेमे निघाले. ज्यांच्या नावानं मुलांना कापरं भरायचं ते रेनसाहेब साहसकथा लिहायचे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं! घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही असायची. तिचं पान मराठीतून इंग्रजीत जायचं, म्हणून ती जवळची वाटायची. पण परीक्षेला धाक रेन-मार्टिनचाच.

आता त्या वहीकडे येते.

१९७९ साल. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी शिकवत होते. आठवीच्या वार्षिक परीक्षेत ‘माय फॅमिली’वर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माय मदर वर्क्स इन द फिल्ड.’ बरोबर. खाली, ‘माय फादर वर्क इन द फिल्ड.’ चूक. ‘माय ग्रँडमदर टेल्स स्टोरीज.’ बरोबर. ‘माय ग्रँडफादर गो टू टेंपल.’ चूक.

मी काय केलं असेल? दोन ठिकाणी ‘एस’ लावलाय, दोन ठिकाणी नाही, म्हणजे हिला नियम येतो पण लक्ष नाही, असा अर्थ काढला. लाल शाईनं मार्क कापले आणि समासात लिहिलं, ‘निष्काळजीपणा!’ उद्गारचिन्हासकट.

पेपर वर्गात दाखवले तेव्हा ती उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर. म्हणाली, "बाई, वडलांना एकेरी कसं लिहायचं?"

वर्ग हसला. आणि मंडळी, खरं सांगते, मीही हसले. "इंग्रजीत मान नसतो गं, बस खाली," असं काहीतरी म्हणाले. ती बसली. पुढच्या दोन वर्षांत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

ती काय सांगत होती हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली. आता तीच वाक्यं मराठीत म्हणून बघा. आई शेतात काम करते. वडील शेतात काम करतात. आजी गोष्टी सांगते. आजोबा देवळात जातात. आई-आजी प्रेमाच्या, म्हणून एकेरी. वडील-आजोबा मानाचे, म्हणून माणूस एक असला तरी क्रियापद अनेकवचनी. तिनं ‘वर्क’ला ‘एस’ लावला नाही तो वडिलांच्या मानासाठी. चारही वाक्यांत तिनं एकच नियम अगदी काटेकोर पाळला होता. फक्त तो इंग्रजीचा नव्हता. त्या वर्गात सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेली वही तिची होती, आणि तिच्यावरच मी ‘निष्काळजीपणा’ लिहिलं.

आणि हसावं तर कोणावर? इंग्रजीनं स्वतः काय केलंय ते पाहा. इंग्रजीत एकाला ‘दाउ’ म्हणत आणि अनेकांना ‘ये’ किंवा ‘यू’. मग मध्ययुगात फ्रेंचांचं पाहून थोरामोठ्यांना, ते एकटे असले तरी, ‘यू’ म्हणायची रीत पडली. आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तसंच. हळूहळू सगळेच एकमेकांना ‘यू’ म्हणू लागले आणि सतराव्या शतकाअखेर ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं. क्वेकरांनी मात्र हट्टानं एकवचन ठेवलं, कारण देवापुढे सगळे सारखे, राजालाही वेगळा मान नाही. मरेसाहेब याच पंथातले!

तर ‘यू’ एका माणसाला लागू झाला. मग क्रियापद कोणतं? अठराव्या शतकात बरेच लोक एका माणसाशी बोलताना ‘यू वॉज’ म्हणत. एक माणूस, म्हणून ‘वॉज’. हिशेब सरळ आहे. पण लाउथसाहेब यावर भडकले. ‘यू’ अनेकवचनी आहे, समोर एक माणूस असला तरी क्रियापद अनेकवचनीच पाहिजे, असं त्यांनी ठणकावलं. शेवटी तेच टिकलं. आज आपण एका माणसाला ‘यू आर’, ‘यू वेअर’ म्हणतो.

म्हणजे माणूस एक, मानासाठी अनेकवचन आणि क्रियापदही अनेकवचनी. हीच तर आमच्या मुलीची ‘वडील काम करतात’! फरक एवढाच, की इंग्रजीनं हा मान समोरच्या माणसाशी बोलताना दिला आणि मराठीत तो पाठीमागेही देतात. १९७९ साली मला हे माहीत असतं तर मी तिला म्हटलं असतं, "बाळ, तुझं बरोबर आहे. इंग्रजीही असंच करते, पण फक्त ‘यू’ला. फादरला करत नाही." दोन मिनिटांचं काम होतं.

त्या ‘एस’ची कथाही सांगण्यासारखी आहे. तो मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलींतला. दक्षिणेकडे ‘गोएथ’, ‘हॅथ’ अशी रूपं चालत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये तीच आहेत. शेक्सपिअरकडे दोन्ही सापडतात. नंतर उत्तरेचा ‘एस’ जिंकला. पण इंग्लंडच्याच पूर्व भागात, नॉरफोकच्या बाजूला, जुन्या बोलीत ‘ही गो’ असंच म्हणत आले आहेत, ‘एस’ नाहीच. आमच्या मुलीचं ‘ग्रँडफादर गो’ तिथल्या शेतकऱ्याला मुळीच खटकलं नसतं. एके काळी बोलीत असलेलं रूप प्रमाण होतं आणि दुसरं रूप अडाणीपणाचं ठरतं, हे आपल्याला मराठीत नवीन नाही.

आणखी एक कबुली. एका मुलानं मला विचारलं होतं, "बाई, रेडिओवर ‘इंडिया आर’ म्हणतात. इंडिया तर एकच देश ना?" मी म्हटलं, बोलण्याच्या घाईत चुकतात ते. चुकत नव्हते! ब्रिटिश पद्धतीत संघ म्हणजे अकरा माणसं असं मनात धरून अनेकवचन घेतात. समूहवाचक नामाचा तो नियम माझ्याच कपाटातल्या पुस्तकात होता. उलट अमेरिकेचं बघा. आज ‘द युनायटेड स्टेट्स इज’ म्हणतात. पण गुलामगिरी रद्द करणारी १८६५ सालची घटनादुरुस्ती वाचली तर तिथे युनायटेड स्टेट्सचा उल्लेख ‘देअर’, म्हणजे ‘त्यांच्या’ असा आहे. संस्थानांची बेरीज होती तोवर अनेकवचन, एक देश झाल्यावर एकवचन. क्रियापदाच्या रूपात इतिहास असा बसलेला असतो.

जोडीच्या उभयान्वयी अव्ययांचंही तसंच. लाउथनं यादी दिली आहे. ‘ऑलदो’ आलं की पुढे ‘येट’, ‘व्हेदर’ला ‘ऑर’, ‘ईदर’ला ‘ऑर’, ‘नायदर’ला ‘नॉर’. मी वर्गात सांगायचे, चपलांचा जोड असतो, एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात स्लीपर चालत नाही. मुलं हसायची आणि तरी लिहायची, ‘दो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट.’ वर्षानुवर्षं हीच चूक. आता कळतं की पोरांच्या डोक्यात ‘जरी-तरी’ पक्कं होतं. जरी म्हटलं की तरी आलंच पाहिजे. मराठीत जोडी सुटत नाही. जोडी हवी हे त्यांना येत होतं, फक्त ‘तरी’च्या जागी ‘पण’ बसवत होती. "‘तरी’ला इंग्रजीत ‘येट’ म्हणतात, आणि हल्ली तेही गाळतात," एवढं सांगितलं असतं तर पुरे होतं.

‘नो सूनर’ तर आमच्या पेपरांचा लाडका. ‘अॅज सून अॅज’ काढा, ‘नो सूनर-दॅन’ घाला. अर्धा वर्ग ‘नो सूनर’पुढे ‘व्हेन’ लिहायचा, कारण मराठीत "पोचतो न पोचतो तोच" असा वेळेचा अर्थ मनात असतो. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, ‘टॉलर’सारखं, आणि तुलनेला ‘दॅन’ लागतं. ‘हार्डली’त तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’. हे कारण मला सापडलं ते नोकरीच्या विसाव्या वर्षी. तोवर "पाठ करा" एवढंच.

परदेशातल्या मंडळींना टोफेल आठवत असेल. १९६४ साली ती परीक्षा सुरू झाली. आमची पुतणी अमेरिकेला गेली तेव्हा तिच्या पुस्तकातही तेच, वाक्यात चार जागी रेघा, त्यातली चुकीची ओळखा. फिशरबाईंची युक्ती समुद्र ओलांडून गेली होती. २००५ साली इंटरनेटवरची नवी टोफेल आली, तेव्हा हा व्याकरणाचा स्वतंत्र भाग काढून टाकला आणि बोलण्याची परीक्षा घातली. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांत तो अजून आहे. लाखो मुलांचे पेपर झटपट तपासायचे तर सोयीचा आहे, हे मलाही कळतं. पण त्यात ‘चूक कुठे’ एवढंच विचारतात. ‘चूक का झाली’ याला चौकोन नसतो.

तो प्रश्न विचारणारा माणूस होता. पिट कॉर्डर नावाचे ब्रिटिश भाषातज्ज्ञ. १९६७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात सांगितलं, की शिकणाऱ्याच्या चुका दोन तऱ्हेच्या असतात. एक नुसती घसरण, दमल्यामुळे किंवा घाईमुळे होणारी. दुसरी नेमानं होणारी. ही दुसरी म्हणजे मुलाच्या डोक्यात त्या वेळी कोणता नियम चालू आहे त्याचा पुरावा. शिक्षकानं तो वाचावा. १९६७ म्हणजे मी मॅट्रिक झाले ते वर्ष. मी लाल शाई हातात घेण्याच्या कितीतरी आधी हे लिहून झालं होतं. पण आमच्या गावापर्यंत रेन-मार्टिन पोचलं, कॉर्डर नाही पोचले. आणि खरं बोलायचं तर कॉर्डर वाचायची गरजही नव्हती. मुलगी उभी राहून स्वतःच सांगत होती.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, परीक्षेत एवढा वेळ नसतो." खरंच आहे त्याचं. पण जाण्याच्या आदल्या दिवशी बघितलं, तर चुकलेल्या वाक्यांसमोर पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी वाक्य लिहीत होता. एका ठिकाणी ‘जरी-तरी’ लिहून भोवती गोल केला होता.

ती मुलगी आता साठीच्या जवळ आली असेल. कुठे आहे माहीत नाही. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांच्याकडेही अशी एखादी वही आठवणीत असेल. असेल तर जरूर कळवा. मला वाचायला आवडेल.